फाटलेले फुप्फुस, फाटकी व्यवस्था

रोग जात पाहत नाही, धर्म पाहत नाही, गरीब-श्रीमंत पाहत नाही, असे एक गोंडस वाक्य २०२० पासून राज्यकर्त्यांच्या तोंडी बसले आहे. विषाणूपुरते ते खरे मानता येईल. परंतु विषाणू फुप्फुसात शिरल्यानंतर जे जे घडते, ते जात, वर्ग, गाव आणि खिसा पाहूनच घडते. ज्यांना हे विधान अतिशयोक्त वाटेल त्यांनी तीव्र विषाणुजन्य न्यूमोनियात छातीत उद्भवणाऱ्या उपद्रवांकडे, विशेषतः फुप्फुस फाटून छातीत हवा साचण्याच्या प्रकाराकडे, देवळाली प्रवरेसारख्या गावात उभे राहून एकदा पाहावे. कोविडच्या दोन लाटा ओसरल्या, मृतांचे आकडे वादग्रस्त होऊन दप्तरी पडले, आणि हा प्रश्न मात्र डॉक्टरांच्या परिषदांपुरता उरला. वस्तुतः तो राजकीय अर्थव्यवस्थेचा प्रश्न आहे आणि म्हणून तो समाजवादी कार्यकर्त्याचा प्रश्न आहे.

हा उपद्रव म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. कारण जे समजलेले नाही त्यावर लढा उभारता येत नाही. माणसाचे फुप्फुस कोट्यवधी सूक्ष्म वायुकोशांचे बनलेले असते. तीव्र न्यूमोनियात यांतील बहुसंख्य कोश द्रवाने भरतात, ताठरतात आणि निकामी होतात. श्वासाचा सारा भार मग उरल्यासुरल्या, फुगू शकणाऱ्या भागावर येतो. रुग्णाला खोकल्याची जबर उबळ येते किंवा व्हेंटिलेटर दाबाने हवा आत लोटतो, तेव्हा हा ताण त्या थोड्या भागाला सोसत नाही आणि कोशाची भिंत फाटते. बाहेर पडलेली हवा रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने सरकत हृदयाभोवती जाते, गळ्यावर आणि छातीवर कातडीखाली पसरते, बोटाने दाबले की चुरचुरते. किंवा फुप्फुसाच्या आवरणात साचून फुप्फुसालाच दाबून टाकते. हवेचा हा प्रवास चार्ल्स आणि मॅज मॅकलिन या वैज्ञानिक दांपत्याने १९४४ सालीच सविस्तर वर्णिला होता. आवरणात साचलेली हवा प्रत्येक श्वासागणिक वाढत गेली तर हृदय एका बाजूला ढकलले जाते, रक्तदाब कोसळतो आणि काही मिनिटांत माणूस दगावतो.

कोविडने हा उपद्रव अपवादात्मक ठेवला नाही. न्यूयॉर्कमधील एका मोठ्या रुग्णालय-समूहात २०२० साली व्हेंटिलेटरवर ठेवलेल्या ६०१ कोविड रुग्णांपैकी ८९ जणांना, म्हणजे सुमारे १५ टक्के रुग्णांना, दाबामुळे होणारी ही इजा झाल्याचे नोंदवले गेले. ब्रिटनमधील नोंदींनुसार रुग्णालयात दाखल झालेल्या दर शंभर कोविड रुग्णांपैकी सुमारे एकाच्या छातीत हवा साचली, आणि त्यांत यंत्राला कधीही न जोडलेले रुग्णही होते. तेव्हा फुप्फुस न्यूयॉर्कमध्ये फाटले, लंडनमध्ये फाटले, तसे ते अहमदनगरमध्येही फाटणारच होते. एवढ्यापुरते रोगाला दोषी धरता येईल. परंतु फुप्फुस फाटणे ही एक गोष्ट आणि फाटलेले फुप्फुस तासन्‌तास कोणाच्या ध्यानातच न येणे ही दुसरी. पहिली निसर्गाची करणी असेल. दुसरी व्यवस्थेची आहे. सत्ताधाऱ्यांची सारी मखलाशी ही की त्यांनी दुसरीला पहिलीच्या पदराखाली लपवले आणि दोहोंना मिळून 'कोविडने मृत्यू' असे एकच नाव दिले.

हा आरोप हवेतला नाही. फाटलेले फुप्फुस ओळखायला काय लागते? ठीक असलेला रुग्ण एकाएकी धापा टाकू लागला, प्राणवायूचे प्रमाण घसरले, छातीची एक बाजू हलेनाशी झाली आणि तिथे स्टेथोस्कोपला श्वासाचा आवाज येईनासा झाला, हे ध्यानात घेणारा माणूस खाटेजवळ लागतो. खात्रीसाठी छातीचा एक्स-रे लागतो. प्राण कंठाशी आले असतील तर एक्स-रेचीही वाट न पाहता छातीत जाड सुई खुपसून हवा मोकळी करण्याचे धैर्य आणि शिक्षण लागते. त्यानंतर काखेखाली, बरगड्यांच्या मधून एक नळी घालून तिचे दुसरे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवावे लागते. आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर जाते आणि पाण्यामुळे बाहेरची हवा आत शिरत नाही. बाटली छातीच्या पातळीखाली आहे ना, बुडबुडे येतात ना, नळी दुमडली तर नाही ना, हे पाहणारी परिचारिका रात्रभर जागी लागते. एवढेच. ही बाटली एकोणिसाव्या शतकात हॅम्बुर्गच्या ब्यूलाउ या डॉक्टराने वापरात आणली. तिच्यावर कोणाचे पेटंट नाही, ती आयात करावी लागत नाही, तिच्यासाठी विमान पाठवावे लागत नाही.

इतिहासाचाही दाखला आहे. १९१८ साली अमेरिकी सैन्याच्या छावण्यांत न्यूमोनियाच्या साथीत सैनिकांच्या छातीत पू साचू लागला. शल्यचिकित्सक घाईघाईने छाती उघडीत. बाहेरची हवा आत शिरून फुप्फुस मिटे आणि सैनिक मरत. तिथे नेमलेल्या आयोगाने, ज्यात एव्हर्ट्स ग्रॅहम हा तरुण डॉक्टर होता, घाई न करता बंद नळीने पू काढण्याची पद्धत घालून दिली. मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या घरातून पाच टक्क्यांच्या आत आले. नवे औषध आले नव्हते. पेनिसिलिनचा शोध अजून दहा वर्षे दूर होता. बदलले ते फक्त शिक्षण आणि शिस्त. व्हेंटिलेटरच्या बाबतीतही तेच. श्वासागणिक किती हवा लोटायची याविषयी अमेरिकेतील ८६१ रुग्णांवरचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनाच्या दर किलोमागे १२ मिलिलिटर हवेऐवजी ६ मिलिलिटर दिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर उतरले. साठ किलोच्या माणसाला ७२० ऐवजी ३६० मिलिलिटर. यंत्र तेच, वीज तीच, खर्च तोच. फरक फक्त यंत्राची कळ फिरवणाऱ्या हाताच्या शिक्षणाचा. रुग्णाला दिवसाचे सोळा तास पालथे झोपवल्याने अतिगंभीर रुग्णांतील मृत्यू निम्म्याने कमी होतात, हे २०१३ च्या फ्रेंच अभ्यासाने दाखवले. पण नळ्या-वायरींनी जखडलेला रुग्ण पालथा करायला चार-पाच माणसे लागतात. माणसे! नेमका तिथेच आपल्या व्यवस्थेचा हात आखडतो.

आता देवळाली प्रवरेकडे वळू. राहुरी तालुक्यातील हे नगरपरिषदेचे गाव. प्रवरेच्या कालव्याने भिजणारी जमीन, ऊस, आणि हद्दीतच 'राहुरी फॅक्टरी' म्हणून ओळखली जाणारी साखर कारखान्याची वसाहत. हे काही दुर्गम आदिवासी पाड्याचे उदाहरण नव्हे. सहकाराच्या पंढरीतले हे गाव आहे. इथून जवळच प्रवरानगरला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप झाले. या पट्ट्यात कृषी विद्यापीठ आले, मोठे धरण आले, अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शिक्षणाच्या संस्था आल्या. आणि तरीही या गावातल्या शेतमजुराचे, ऊसतोडणी कामगाराचे, कारखान्यातून कमी झालेल्या कामगाराचे फुप्फुस फाटले तर अतिदक्षतेसाठी त्याला श्रीरामपूर, लोणी किंवा चाळीस किलोमीटरच्या आसपास असलेल्या जिल्ह्याच्या शहराकडे धाव घ्यावी लागते. वर सांगितलेली ती काही मिनिटे नगर-मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांत खर्ची पडतात.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, सर जोसेफ भोर यांच्या समितीने आरोग्यसेवेचा जो दीर्घकालीन आराखडा मांडला, त्यात दर दहा ते वीस हजार लोकवस्तीमागे ७५ खाटांचे रुग्णालय असावे, पैसे नाहीत म्हणून कोणाही नागरिकाला उपचार नाकारला जाऊ नये, असे स्पष्ट म्हटले होते. ही समिती क्रांतिकारकांची नव्हती. ब्रिटिश सरकारने नेमलेली होती. तिच्या हिशेबाने वीस हजारांहून अधिक वस्तीच्या देवळाली प्रवरेला पंचाहत्तर खाटा मिळायला हव्या होत्या. स्वतंत्र भारताने त्या आराखड्यातील खाटा आधी कमी केल्या, मग खाटांजवळची माणसे कमी केली. केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार ग्रामीण भागातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे आपल्याकडे ज्यांना ग्रामीण रुग्णालये म्हणतात त्या पातळीवर, शल्यचिकित्सकांची तूट ८३ टक्क्यांहून अधिक आणि फिजिशियनांची ७९ टक्क्यांच्या पुढे होती. छातीत नळी घालणारा शल्यचिकित्सक दहा जागी हवा तर जेमतेम दोन जागी आहे, असा याचा सरळ अर्थ.

साथीत कोण मरतो, हे १९१८ नेही सांगितले होते. त्या वर्षीच्या इन्फ्लुएन्झाने ब्रिटिश हिंदुस्थानात सव्वा कोटी ते पावणेदोन कोटी माणसे नेली, असे अभ्यासकांचे अंदाज आहेत; १९२१ च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. मुंबई शहरात त्या साथीतील मृत्यू युरोपियनांत हजारी ८.३ आणि पारशांत ९ होते. सरकारी कागदांनी ज्यांना 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटले त्यांच्यात हजारी ६१.६. विषाणू तोच, शहर तेच. फरक होता तो खोलीतल्या हवेचा, ताटातल्या अन्नाचा आणि उशाशी बसलेल्या शुश्रूषेचा. शंभर वर्षांनी या विषमतेत काय बदलले? गोऱ्यांच्या जागी पैसेवाले आले, एवढेच. त्या काळी सरकार निदान मृत्यूचे वर्गवार आकडे तरी छापत होते. कोविडच्या छातीच्या उपद्रवांनी कोणत्या तालुक्यातले, कोणत्या थरातले किती दगावले, याचा हिशेब महाराष्ट्र शासनाने लोकांपुढे ठेवलेला नाही.

त्याऐवजी सरकारने काय केले? यंत्रे विकत घेतली. यंत्राचे उद्घाटन करता येते, यंत्रासोबत छायाचित्र काढता येते, यंत्राच्या खरेदीत कंत्राट असते. शिकलेल्या परिचारिकेच्या कायम नेमणुकीत यांपैकी काहीच नसते. औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला पीएम केअर्सच्या योजनेतून मिळालेल्या दीडशे व्हेंटिलेटरांचे प्रकरण २०२१ च्या मे-जूनमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आले. वापरात आणलेली ११३ यंत्रे सदोष निघाल्याचे महाविद्यालयाचे म्हणणे होते. यंत्रे ठीक आहेत, चालवणाऱ्यांनाच ती नीट चालवता येत नाहीत, असा केंद्राचा पवित्रा होता. न्यायालयाने केंद्राच्या असंवेदनशीलतेवर कडक ताशेरे ओढले. पण क्षणभर केंद्राचे म्हणणे खरे मानले तर काय निष्पन्न होते? दाब अचूक न राखणारे यंत्र फुप्फुस फाडते आणि अप्रशिक्षित हातातले चांगले यंत्रही फुप्फुस फाडते. प्रशिक्षित माणसे नसताना जीवघेण्या दाबाची यंत्रे देशभर वाटण्याचा निर्णय मग कोणी आणि कशाच्या जोरावर घेतला? ज्याने स्वतःच्या बचावासाठी हे विधान केले, त्याने स्वतःविरुद्धच साक्ष दिली.

६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविड अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि त्याच दिवशी अकरा रुग्ण मृत्युमुखी पडले. कक्ष नवा होता, यंत्रे होती. ज्यांच्या फुप्फुसांना विषाणूने सोडले होते त्यांना धुराने गाठले. पुढे काय झाले? एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना अटक झाली. वायरिंग कोणी केले, अग्निसुरक्षेची तपासणी कोणी राहू दिली, खर्चाला मंजुरी कोणी रोखली, ही साखळी वर चढत गेली की तपासाचे पाय जड होतात. तळाशी उभी असलेली परिचारिका मात्र हाताशी असते. सन्मानाच्या टाळ्या-थाळ्या तिच्याच नावाने वाजवायच्या आणि बेड्याही तिलाच घालायच्या, हा या राज्यव्यवस्थेचा न्याय!

आता बाजाराकडे पाहू. महाराष्ट्र शासनाने २१ मे २०२० रोजी खासगी रुग्णालयांच्या दरांवर मर्यादा घातली. साध्या कक्षाला दिवसाला ४,०००, अतिदक्षता कक्षाला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. या आदेशाचे त्या वेळी मोठे कौतुक झाले आणि काही अंशी ते रास्तही होते. परंतु त्या आदेशातील वगळलेल्या बाबींची यादी किती जणांनी वाचली? छातीतले पाणी काढणे, श्वासनलिकेची दुर्बिणीतून तपासणी, मोठ्या शिरेत नळी घालणे आणि अशा प्रकारच्या इतर प्रक्रिया दैनंदिन दरातून वगळल्या होत्या. त्यांच्यासाठी रुग्णालयाचा ३१ डिसेंबर २०१९ चा स्वतःचा दर लागू होता. सीटी स्कॅनही असाच वगळलेला. त्याला मर्यादा आली ती सप्टेंबर २०२० मध्ये. महागडी औषधे छापील किमतीने. तात्पर्य काय, तर न्यूमोनिया साधा राहिला तोवर रुग्ण आदेशाच्या छत्रीखाली आणि छातीत उपद्रव उद्भवला की तो उघड्यावर. ज्या घडीला माणूस सर्वांत असहाय होतो, नेमक्या त्याच घडीला त्याला बाजाराच्या हवाली करणारी ही तरतूद आहे. जून २०२१ मध्ये शहरांच्या प्रतवारीनुसार दर कमी केले. क वर्गात व्हेंटिलेटरचा दिवस ५,४०० रुपयांवर आला. शेतमजुराला दहा दिवसांचे चौपन्न हजार आणि शहरातल्या कारखानदाराला दहा दिवसांचे नव्वद हजार यांतले ओझे कोणाला जड, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. जादा बिलांच्या परताव्यासाठी जन आरोग्य अभियान आणि कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती यांना नंतर झगडावे लागले, यातच दरनियंत्रणाची कथा आली.

यावर सत्ताधाऱ्यांचे ठरलेले उत्तर म्हणजे विमा. महात्मा फुले जन आरोग्य योजना २०२० मध्ये सर्व नागरिकांना खुली केली, २०२३ मध्ये पाच लाखांचे संरक्षण जाहीर केले. जोतीरावांच्या नावाने चाललेल्या योजनेला विरोध कोण करील? पण विमा हा पैसे देण्याचा प्रकार आहे, उपचार निर्माण करण्याचा नव्हे. देवळाली प्रवरेत रात्री दोन वाजता छातीत नळी घालणारा हात नसेल तर पाच लाखांचे कार्ड त्या छातीवर ठेवून हवा बाहेर येत नाही. विमा सार्वजनिक पैसा खासगी खाटेकडे वळवतो आणि खासगी खाट जिथे नफा आहे तिथेच उभी राहते. जी सेवा अचानक, क्वचित आणि रात्री-अपरात्री लागते, जिच्यासाठी माणसे सदैव सज्ज ठेवावी लागतात, ती बाजार कधीही पुरवत नाही. आग लागेल तेव्हाच पगार देऊ, असे म्हणून कोणी अग्निशमन दल उभारत नाही. छातीच्या उपद्रवांची सेवा याच जातीची आहे. म्हणून ती सार्वजनिकच असावी लागते. हा भावनेचा नव्हे, शुद्ध अर्थशास्त्राचा युक्तिवाद आहे.

या जिल्ह्यात सहकारानेही हा धडा उलटा गिरवला. उसाच्या टनामागे कपात होऊन उभ्या राहिलेल्या भांडवलातून आणि त्यातून आलेल्या राजकीय बळातून शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. लोणीला १९८४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले; पुढे नगरजवळ विळद घाटात दुसरे आले. तिथल्या डॉक्टरांनी-परिचारिकांनी कोविडमध्ये कष्ट उपसले हे मान्यच केले पाहिजे. प्रश्न त्यांच्या निष्ठेचा नाही, मालकीचा आहे. दोन्ही महाविद्यालये खासगी व्यवस्थापनाची, शुल्क लाखांचे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली ती मे २०२५ मध्ये, चोंडीच्या बैठकीत. साखरेचे उत्पादन करणाऱ्या या जिल्ह्याला सरकारी डॉक्टर घडवण्याची गरज पटायला स्वातंत्र्यानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षे लागली! दरम्यान राहुरीचा कारखाना कर्जाच्या ओझ्याखाली काही हंगाम बंद राहिला आणि थकीत देण्यांसाठी कामगारांना रस्त्यावर यावे लागले. गाडगीळांच्या स्वप्नातला सहकार हा उत्पादकाच्या घामाचे समाजाच्या मालमत्तेत रूपांतर करणारा होता. प्रत्यक्षात घाम सामुदायिक राहिला आणि मालमत्ता घराण्यांची झाली.

दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, पैसा नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये, म्हणजे साथीच्या वर्षीसुद्धा, देशातील सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे वचन दिले होते. एकूण आरोग्यखर्चातला ३९ टक्क्यांहून अधिक वाटा लोक स्वतःच्या खिशातून उचलत होते. म्हणजे पैसा आहे. तो कर्ज काढून, दागिने मोडून, जमीन विकून गरीब माणूस देतो आहे. प्रश्न पैशाच्या अभावाचा नसून तो कोणाकडून, केव्हा आणि कोणत्या मार्गाने घ्यायचा याचा आहे. दुसरा आक्षेप, डॉक्टर खेड्यात येत नाहीत. देवळाली प्रवरा हे खेडे नव्हे. हमरस्त्यालगतचे नगर आहे. कंत्राटी नेमणूक, अपुरा पगार, राहायला घर नाही, भूल देणारा जोडीदार नाही, एक्स-रे काढणारा तंत्रज्ञ नाही, आणि काही विपरीत घडले तर अटक. अशा अटींवर कोण येईल? जून २०२१ मध्ये सुमारे सत्तर हजार आशा सेविकांना मोबदल्यासाठी संप करावा लागला. घरोघर जाऊन बोटाला यंत्र लावून प्राणवायूची घसरण प्रथम टिपणारी तीच होती. तिने वेळीच टिपलेला रुग्ण व्हेंटिलेटरपर्यंत जातच नाही आणि त्याचे फुप्फुस दाबाने फाटण्याचा प्रसंग टळतो. साखळीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची कडी उपाशी ठेवायची आणि शेवटच्या कडीला सोन्याचा मुलामा द्यायचा, हे नियोजन नव्हे.

इथे चळवळीनेही आरशात पाहणे भाग आहे. एप्रिल २०२१ मध्ये पुरोगामी पक्षांचे कार्यकर्तेही रेमडेसिविरच्या कुपीसाठी रात्रंदिवस धावत होते. खासगी विमानाने शिर्डीला उतरवलेल्या साठ्याचे प्रकरण तर खंडपीठापर्यंत गेले. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेने २० नोव्हेंबर २०२० रोजीच रुग्णालयातील कोविड रुग्णांना हे औषध देऊ नये अशी शिफारस केली होती. याउलट काही रुपयांत मिळणारे डेक्सामेथासोन व्हेंटिलेटरवरील रुग्णांतले मृत्यू एक-तृतीयांशाने कमी करते, हे ब्रिटनमधील चाचणीने जून २०२० मध्ये दाखवले होते. कार्यकर्त्यांच्या त्यागाविषयी शंका नाही. पण बाजाराने जे मागायला शिकवले तेच चळवळीने मागितले. कुपी मिळवून देणारा कार्यकर्ता रुग्णाच्या घरी दाता ठरतो. ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञाचे पद भरून घेणारा कार्यकर्ता दिसत नाही. तथापि पहिला एका घराला उपकृत करतो आणि दुसरा तालुक्याला हक्क मिळवून देतो. दानशूरांची स्पर्धा साखरसम्राटांनाच लखलाभ होवो. समाजवाद्याचे काम हक्काचे आहे.

आणखी एक घटक सर्वांच्या विस्मृतीत गेला आहे. जे वाचले त्यांचे काय? तीव्र न्यूमोनियातून उठलेल्या कित्येकांच्या फुप्फुसांत व्रण राहतो, जिना चढताना दम लागतो, काहींना घरी प्राणवायूचे यंत्र लावावे लागते. कार्यालयात बसणाऱ्याला हे निभावते. ऊसतोडणी कामगाराला, हमालाला, बांधकामावरच्या बाईला दम हेच भांडवल असते. ते गेले की सर्व गेले. मृताच्या वारसाला पन्नास हजार रुपये देण्याची तरतूद सर्वोच्च न्यायालयाच्या रेट्यामुळे २०२१ मध्ये झाली. जिवंत राहून कमाई गमावलेल्या श्रमिकासाठी त्या तरतुदीत एक पैसाही नाही. मरणाला भाव आणि अपंगत्वाला शून्य, असा हा हिशेब आहे.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात चोवीस तास छातीचा एक्स-रे, प्राणवायू आणि छातीत नळी घालू शकणारा डॉक्टर असलाच पाहिजे. प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि परिचारिकेला या उपद्रवाचे प्रशिक्षण दरवर्षी, पगारी वेळेत मिळाले पाहिजे. हेच १०८ च्या रुग्णवाहिकेवरील डॉक्टरांनाही लागू व्हावे. व्हेंटिलेटरची खरेदी माणसांच्या कायम नेमणुकीशी कायद्याने जोडली पाहिजे; माणूस नाही तर यंत्र नाही. दरनियंत्रणाच्या पुढील कोणत्याही आदेशातून उपद्रवांवरील प्रक्रिया वगळता कामा नयेत. साथीतील मृत्यूंची तालुकावार आणि उपद्रववार चौकशी होऊन अहवाल प्रसिद्ध झाला पाहिजे. आणि फुप्फुस अधू झालेल्या श्रमिकांची तपासणी, औषधे व निर्वाहभत्ता हा शासनाचा खर्च मानला पाहिजे.

यांतली एकही मागणी स्वप्नरंजन नाही. देवळाली प्रवरा नगरपरिषदेच्या सभेत, राहुरीच्या तहसील कार्यालयापुढे, जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत ती उद्या मांडता येईल. मंजूर पदे किती, भरलेली किती, एक्स-रे यंत्र आहे का, ते चालवणारा आहे का, छातीच्या नळ्या भांडारात आहेत का, असे पाच प्रश्न माहितीच्या अधिकाराखाली विचारायला कोणत्याही शाखेला आडकाठी नाही. उत्तरे आली की ती चावडीवर, बाजारात, कारखान्याच्या फाटकावर फलकावर लावावीत. पुढची साथ केव्हा येईल ते कोणी सांगू शकत नाही. ती येईल एवढे निश्चित. त्या वेळी पुन्हा कोणाचे तरी फुप्फुस फाटेल. ते वेळीच ओळखले जाईल की नाही, याचा निकाल मात्र साथीच्या दिवसांत लागत नाही. तो आजच्या शांत दिवसांत, अंदाजपत्रकाच्या रकान्यांत आणि रिकाम्या पदांच्या यादीत लागतो. लढाईची जागा ती आहे.